भांडलो आणि भांडून राहिलो

मी टायपिस्ट होते आणि माझं मराठी शुद्ध होतं. या दोन्ही गोष्टींचा मला तेव्हा अभिमान होता. पहिलीचा अजूनही आहे.

घरी आम्ही नागपुरीच बोलायचो. वडील विणकर. घरात दोन माग, एक चालू, एक बंद. दार उघडलं की आधी विणताना पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा लागायचा, मग चूल. 'मले', 'तुले', 'काहून', 'जेवून राहिली' हे ऐकतच मी वाढले. शाळेत बाईंनी आणि पुढे टायपिंगच्या क्लासमध्ये सरांनी ते माझ्या तोंडून आणि हातून घासून काढलं. सरांचा नियम सोपा होता. 'ले' दिसला की 'ला' करा. 'राहिलो' दिसलं की मधलं खोडा आणि शेवट बदला. 'लिहून राहिलो' म्हणजे 'लिहितो'. कच्च्या मसुद्यावर पेन्सिलीनं एवढं केलं की टाइप करताना डोकं चालवावं लागत नाही, हात चालतात.

क्लास संपल्यावर मी रामदासपेठेतल्या एका वकिलांकडे लागले. बंगल्याच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस होतं. एका खोलीत ते आणि पुस्तकं, दुसरीत मी, मराठी टाइपरायटर, इंग्रजी टाइपरायटर आणि सायक्लोस्टाइलचं यंत्र. ते यंत्र भाऊ चालवायचे. भाऊ माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. छप्पन साली नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धर्म घेतला, त्यात त्यांचं घर होतं. शाईनं काळे झालेले हात ते रॉकेलनं धुवायचे आणि मगच माझ्या टेबलाजवळ यायचे.

वकीलसाहेब मूळ नरखेडकडचे. कोर्टात पुस्तकी मराठी, शेताच्या बांधावर अस्सल वऱ्हाडी. दोन्ही त्यांना सारखंच यायचं, पण कागदावर त्यांना पुस्तकीच लागायचं. गाडीत बसल्या बसल्या ते नागपुरीत मजकूर सांगायचे, मी तो लघुलिपीत उतरवायचे आणि शुद्ध करून टाइप करायचे. सहा वर्षं हे बिनतक्रार चाललं होतं.

बँका सरकारी झाल्या, त्यानंतरच्या पहिल्या लोकसभा निवडणुकीला साहेब उभे राहिले. अपक्ष. निशाणी शिडी. सगळ्यांनी त्यांना विचारलं की काहून उभे राहता, पडाल. ते म्हणत, पडलो तरी शिडीवरून पडीन, सगळ्यांना दिसेल. ऑफिसात पक्षकार कमी आणि कार्यकर्ते जास्त दिसायला लागले. माझ्या टेबलावर चहाच्या कपांचे गोल डाग पडले. मी एक वर्तमानपत्र अंथरलं, तर तेही कुणीतरी वाचायला उचलून नेलं.

साहेबांना भाषणापेक्षा पत्रकावर भरवसा होता. 'देशापुढील प्रश्न आणि माझी भूमिका' असं त्याचं नाव. आठ कलमं. पहिली सात त्यांनी करारनाम्यासारखी लिहवून घेतली. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला पाठिंबा आहे, परंतु खेड्यात शाखा निघाल्या पाहिजेत. संस्थानिकांचे तनखे बंद व्हावेत, परंतु दिलेल्या शब्दाचा विचार व्हावा. परदेशी धान्य नको, परंतु आपल्या विहिरींवर वीज येईपर्यंत घाई नको. वेगळा विदर्भ हवा, परंतु आंदोलन सनदशीर असावं. हिंदी यावी, परंतु लादू नये. कुटुंबनियोजन आवश्यक, परंतु सक्ती नको. 'परंतु' टाइप करून करून माझं बोट इतकं सरावलं होतं की दिल्लीच्या पत्त्यातसुद्धा एकदा 'परंतु' पडलं होतं.

सातवं कलम बौद्धांच्या सवलतींचं होतं. राज्यात सवलती मिळत होत्या, केंद्रात धर्म बदलल्याबरोबर गेल्या होत्या. साहेबांनी सांगितलं: त्या केंद्रातही मिळाल्या पाहिजेत. पूर्णविराम. भाऊंनी तो मसुदा उभ्या उभ्या वाचला.

"आमच्या कलमाले परंतु नाही लागला," ते म्हणाले.

"बरंच झालं ना."

"बरं झालं. पन ज्याचं होनार नाही त्याले परंतु कशाले लागते?"

भाऊ असं बोलून यंत्राकडे जायचे आणि हँडल फिरवत बसायचे. उत्तराची वाट बघत नसत.

आठवं कलम आमचं होतं. आमचं म्हणजे माझ्या वडिलांचं.

रंगीत साडी हातमागावरच विणायची, यंत्रमागानं विणायची नाही, असा सरकारचा नियम होता. तो नियम कागदावर होता आणि यंत्रमागाच्या साड्या दुकानात होत्या. आमच्या मोहल्ल्यातली विणकरांची सोसायटी त्याच नियमावर तगून होती. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी, नियम पाळला जावा म्हणून, सोसायटीचं निवेदन फुकट लिहून दिलं होतं आणि स्वतः दिल्लीला नेलं होतं. ते मीच टाइप केलं. त्या दिवसापासून वडील मला मागाशेजारी धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरायला बसवेनासे झाले. पोरगी दिल्लीचे कागद टाइप करते, असं ते मोहल्ल्यात सांगायचे.

सोसायटीनं त्या हिवाळ्यात ठरवलं होतं, दिल्लीतलं प्रकरण चालू आहे तोवर सभासदांना रंगीत सूत देत राहायचं. दिल्लीनं प्रकरण बंद केलं तर सोसायटीही बंद. आणि वडिलांना शहराबाहेर, वाडी गावाला, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात फाटकावरचं काम मिळत होतं. अमरावती रोडवर ट्रक यायचे जायचे, त्यांची पावती बघून फाटक उघडायचं. तिथल्या मुकादमानं होळीपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणून सांगितलं होतं. मतदान होळीआधी होतं, पण फार आधी नव्हतं. वडील पन्नाशी ओलांडलेले, पुन्हा असं काम मिळणार नव्हतं. म्हणजे एकच प्रश्न होता: साहेब अजून भांडत आहेत की नाहीत. भांडत असतील तर माग, नसतील तर वाडी.

साहेबांची सभा आमच्या मोहल्ल्यात दुपारी चार वाजता झाली. माग बंद ठेवून माणसं आली होती, बायका दारात उभ्या होत्या. मी स्टुलावर बसून लघुलिपीत लिहीत होते. साहेब सरळ नागपुरीत बोलले. बँका, धान्य, विदर्भ झालं आणि मग ते म्हणाले, "तुमच्या रंगीत साडीसाठी मी दिल्लीत भांडून राहिलो."

टाळ्या पडल्या. वडिलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. आजूबाजूच्या दहा घरांकडे असं पाहिलं की, सांगितलं नव्हतं का मी? साहेब अजून भांडताहेत, असा शब्द त्या दहा घरांना त्यांनीच दिला होता. सभा संपल्यावर ते मला एवढंच म्हणाले की मुकादमाला नाही म्हणून कळवतो. मी म्हटलं, पत्रक छापून येऊ द्या, मग कळवा. हे शहाणपण म्हणून म्हटलं नव्हतं. मला प्रत्येक गोष्ट कागदावर आल्यावरच खरी वाटायची, म्हणून म्हटलं.

साहेबांनी आठवं कलम त्या भाषणावरूनच घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात इतकी गर्दी होती की मी टाइपरायटर उचलून मागच्या व्हरांड्यात नेला. वहीतून मजकूर उतरवला, पेन्सिल घेतली, 'ले' चे 'ला' केले, 'राहिलो' ची मधली अक्षरं खोडली आणि स्टेन्सिल कापायला बसले. भाऊंनी दुपारपर्यंत दोन रीम काढले. साहेब जीपनं नरखेडला गेले होते. तिथं त्यांना संत्रीवाल्यांसमोर रेल्वेच्या डब्यांवर बोलायचं होतं. त्यांनी पत्रक तपासलं नाही. मी टाइप केलेलं ते तपासत नसत.

एक पत्रक मी घरी नेलं. दिवेलागणीच्या आधीचा उजेड होता. वडील उंबऱ्यावर बसून, बोट ठेवत, एकेक कलम वाचत गेले. आठव्यावर बोट थांबलं.

"हे काय लिवलं वं?"

"काय?"

"'तुमच्या रंगीत साडीसाठी मी दिल्लीत भांडलो.' भांडलो?"

मी पत्रक हातात घेतलं. 'भांडलो' असंच होतं. पेन्सिलीनं मी 'भांडून राहिलो' मधलं 'ून राहि' खोडलं होतं आणि शेवटचं 'लो' बदलून 'तो' करायचं विसरले होते. उरलं ते 'भांडलो'. व्याकरणात बसत होतं, म्हणून डोळ्याला टोचलंही नाही. 'ले' राहिला असता तर लगेच दिसला असता.

मी म्हटलं, चूक माझी आहे. सभेत ते भांडून राहिलो म्हणाले, माझ्या वहीत तसंच आहे.

"तुह्या हातून चूक?" वडील म्हणाले. त्यांना राग नव्हता आला. त्यांचा विश्वास बसत नव्हता. "भांडून राहिलो म्हंजे आता. भांडलो म्हंजे झालं. धोटा फेकला आन् उठला."

आई आतून म्हणाली, एका अक्षरानं काय होतं? माझं मात्र सगळं जेवण त्या एका अक्षरावर अडलं होतं.

सकाळी मी साहेबांच्या आधी ऑफिसला पोहोचले. नवी स्टेन्सिल काढून ठेवली, वही उघडून ठेवली. साहेब आले तसं मी सरळ सांगितलं. आठव्या कलमात चूक झाली आहे, माझी आहे, उरलेली पत्रकं थांबवते आणि तासाभरात दुसरी देते.

त्यांनी पत्रक घेतलं, चष्मा लावला, वाचलं. मग बसले.

"राहू द्या," ते म्हणाले.

मला वाटलं, वेळ नाही म्हणून म्हणतात. मी म्हटलं, एकाच अक्षराचं काम आहे, भाऊ लगेच काढून देतील.

"चुकलेलं नाही ते." त्यांनी खण उघडला आणि एक पाकीट माझ्यासमोर ठेवलं. दिल्लीहून आलेलं, बंगल्याच्या पत्त्यावर, म्हणून माझ्या हातून गेलं नव्हतं. मंत्रालयाचं उत्तर होतं. इंग्रजीत, चार ओळी. निवेदनाचा विचार झाला, सध्याच्या धोरणात बदल किंवा अधिक कारवाई करण्याची आवश्यकता वाटत नाही, प्रकरण बंद करण्यात येत आहे. वरची तारीख संक्रांतीच्याही आधीची होती.

मी दोनदा वाचलं. इंग्रजीत असल्यामुळे त्यात शुद्ध करण्यासारखं काही नव्हतं.

"मग सभेत?"

"सभेत पाचपन्नास माणसं माग थांबवून आली होती. तोंडासमोर बसली होती." नंतर जे बोलले ते थोडक्यात असं: यंत्रमाग कुणाच्या थांबवण्यानं थांबणार नाही. हातमागासाठी दुसरं काही मागता येईल, सूत स्वस्त मिळेल, निर्यात होईल. निवडून आलो तर त्यासाठी बोलीन. हे भाषणात सांगत बसलो तर कुणी ऐकत नाही. पत्रकात आपोआप खरं छापलं गेलं आहे, तर ते तसंच राहावं. ज्याला वाचायचं तो वाचेल.

मी म्हटलं, 'लो' आणि 'तो' यातला फरक वाचणारा आमच्या मोहल्ल्यात एकच माणूस निघाला.

"तुमचे वडील?"

"हो."

"त्यांना मतदानापर्यंत काही सांगू नका. नंतर मी स्वतः येऊन सांगतो."

मी वाडीचं सांगितलं. मुकादमाचं, होळीचं. साहेबांना हे ठाऊक नव्हतं. ते ऐकून ते म्हणाले की मग तुम्हाला योग्य वाटेल ते करा, मी अडवणार नाही. हे त्यांनी मनापासून म्हटलं, हे मी लिहून ठेवते. नोकरी जाईल असं मला त्या क्षणी वाटलं होतं. त्यांनी तसं काही सुचवलंही नाही.

भाऊ यंत्राजवळ उभे राहून ऐकत होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काढू का थांबू?"

"काढा," मी म्हटलं. "बरोबर आहे."

त्याच संध्याकाळी मी वडिलांना पत्राचा मजकूर मराठीत सांगितला. मी काही सजवलं नाही, कमीही केलं नाही. ते मागावर बसले होते. त्यांनी धोटा बाजूला ठेवला आणि विचारलं, कागद तू आपल्या डोयानं पाह्यला का? मी हो म्हटलं. मग त्यांनी साडीचा विणायला घेतलेला पट्टा पूर्ण केला. मध्ये सोडलं तर काठ वाकडा येतो.

मला वाटलं होतं ते गपचूप वाडीला जातील. पण त्यांची अडचण वेगळी होती. दहा घरांना त्यांनी शब्द दिला होता. प्रकरण चालू आहे, असं त्यांच्या तोंडून ती घरं समजून चालली होती आणि दुसरं काम न शोधता होळीपर्यंत सूत उचलणार होती. पोरीनं ऑफिसातला कागद पाहिला असं सांगायचं तर माझ्या नोकरीचं काय, आणि न सांगायचं तर त्या घरांचं काय. ते म्हणाले, साहेबानं सभेत सांगतलं, तर सभेतच विचारतो.

मोहल्ल्यापासून दोन चौक सोडून साहेबांची शेवटची सभा होती, दुपारचीच. मी जाणार नव्हते, पण लघुलिपीसाठी जावंच लागलं. वडील तिसऱ्या ओळीत बसले होते. त्यांच्यासोबत त्या दहा घरांतले सहासात जण. साहेब बँकांवर बोलत होते. प्रश्न विचारा म्हटल्यावर वडील उठले. डोक्यावरची टोपी नीट केली. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती, पण विणताना मोठ्यानं बोलायची होती, मागाच्या आवाजावरून बोलावं लागतं.

"साहेब, एकच इचारतो. रंगीत साडीसाठी तुम्ही भांडले का भांडून राहिले?"

मागच्या ओळीत कुणीतरी हसलं. एकानं म्हटलं, काय भैताडासारखं विचारून राहिला गा, एकच तर आहे. त्याच्या शेजारच्यानं त्याला गप्प केलं. मोहल्ल्यातली माणसं हसली नाहीत.

माझ्या हातात पेन्सिल होती आणि मी वर बघितलं नाही. लघुलिपीत 'भांडलो' ला एक रेघ लागते आणि 'भांडून राहिलो' ला तीन. मी तीन रेघांची जागा सोडून थांबले होते.

साहेब म्हणाले, "भांडलो." मग लगेच, "परंतु..."

"परंतु नको, साहेब," वडील म्हणाले. "समजलं." आणि खाली बसले.

साहेबांनी परंतुच्या पुढचंही सांगितलं. सुताचं, निर्यातीचं, दिल्लीहून आलेल्या उत्तराचं. पहिल्यांदाच उघडपणे सांगितलं आणि नीट सांगितलं. मी ते सगळं लिहून घेतलं. अर्ध्या माणसांनी ऐकलं, अर्धी उठून गेली. वडील शेवटपर्यंत बसले.

साहेब पडले. आमच्या मोहल्ल्यातून शिडीला किती मतं पडली हे मला ठाऊक आहे, पण ते इथं महत्त्वाचं नाही. वडिलांनी मत कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सोसायटी उन्हाळ्यात बंद झाली. त्या दहा घरांपैकी चौघांनी आधीच दुसरं काम धरलं होतं. एक जण पुढे कित्येक वर्षं आमच्या घराकडे न बघता जायचा. त्याचं म्हणणं होतं, विचारलं नसतं तर अजून सहा महिने सूत मिळालं असतं. ते खोटं नव्हतं.

मी साहेबांकडे आणखी अकरा वर्षं काम केलं. ते उत्तम वकील होते. पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत. त्या पत्रकाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. माझ्या कामात मात्र एक बदल झाला. साक्षीदारांचं म्हणणं मी ते बोलले तसंच टाइप करायला लागले. पहिल्यांदा तसा कागद पुढे ठेवला तेव्हा साहेबांनी 'मारून राहिला होता' वर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे पुस्तकी करायचं राहिलं. मी म्हटलं, मारून राहिला होता की मारला, हे कोर्टालाच ठरवू द्या. त्यांनी बोट काढून घेतलं.

वडील होळीच्या आठ दिवस आधी वाडीला रुजू झाले. पहिल्या रविवारी मी त्यांचा डबा घेऊन गेले. ट्रकांची रांग होती, धूळ होती, एका ड्रायव्हरशी त्यांचं हिंदीत जोरात चाललं होतं. पावतीवरचा शिक्का त्यांना पटत नव्हता. मी फाटकाच्या अलीकडे उभी राहिले. एका क्लिनरनं विचारलं, बाई, कोणाला भेटायचं? मी वडिलांकडे हात केला आणि विचारलं, मोकळे कधी होतील?

"आता नाही होत," तो म्हणाला. "बुढा अर्ध्या घंट्यापासून भांडून राहिला."

डबा फाटकाजवळच्या खुर्चीवर ठेवला आणि मी पुढची बस पकडली.